कायक, दासोह आणि दिव्यांगांची सोय

बाराव्या शतकातील शिवशरणांनी, म्हणजे शिवभक्त संतांनी, ‘कायक’, म्हणजे उपजीविकेसाठी प्रामाणिकपणे केलेले श्रम, हीच उपासना मानली आणि त्या श्रमाचे फळ कर्तेपणाचा अभिमान न धरता समाजाला अर्पण करण्याला ‘दासोह’ म्हटले. श्रम ही उपासना असेल, तर ज्या पायरीमुळे, यंत्रामुळे किंवा नियमामुळे दिव्यांग कामगाराचे काम अडते, ती त्याच्या उपासनेच्या वाटेतील धोंड ठरते, आणि ती दूर करणे हे मालकाचे पुण्यकर्म न राहता त्याच्यावरचे देणे होते.

अपंगत्व हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आणि म्हणून मदत हे दान, ही समजूत अजूनही खोल रुजलेली आहे. तिला छेद देणारा विचार सोलापूरच्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या, चरित्रातच सापडतो. सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव आणि देवालये उभारण्यात गढलेल्या सिद्धरामांना शिवशरण अल्लमप्रभूंनी टोकले, ते ही कामे निरुपयोगी होती म्हणून नव्हे, तर त्यांमागे ‘हे माझ्या हातून घडते’ हा भाव उरला होता म्हणून, असे ‘शून्यसंपादने’ या शिवशरणांच्या संवादग्रंथाची परंपरा सांगते. उतरण बांधून किंवा बैठक बदलून उपकार केल्याचे समाधान मिळवणाऱ्या मालकालाही हाच आक्षेप तंतोतंत लागू पडतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच दिशेने जातो: अवाजवी भार न टाकता केलेला आवश्यक व योग्य बदल, म्हणजेच ‘वाजवी सोय’, नाकारणे हा तो भेदभाव मानतो. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास कलम २० मनाई करते, आणि पूर्वीचे काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम देण्यास सांगते. मात्र हे कलम सरकारी आस्थापनांपुरते आहे, तर सोलापूरचा श्रम मुख्यतः खासगी यंत्रमागांवर आणि घरोघरी वळल्या जाणाऱ्या विड्यांत आहे. मागाच्या खडखडाटात ज्याची श्रवणशक्ती गेली, त्याला आवाजाऐवजी दिव्याने इशारा मिळावा, आणि जिला मांडी घालून बसता येत नाही, तिला उंच बैठक व सूप ठेवण्यापुरते टेबल मिळावे, एवढ्याने कोणताही धंदा बुडत नाही.

अर्थात कायकाला माणसाच्या मोलाचे माप करणे घातक ठरेल. ज्याला कोणतेच श्रम शक्य नाहीत, त्याचाही दासोहावर तितकाच अधिकार आहे. आणि ज्याला श्रम शक्य आहेत, त्याचे कायक अडू नये, म्हणून कलम २० चे संरक्षण खासगी कारखान्यांनाही लागू झाले पाहिजे, आणि सिद्धरामेश्वरांना मानणाऱ्या कारखानदारांनी कायद्याची वाट न पाहता ते आजच स्वीकारावे.