माझे काय चुकले?

साधकहो, तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ पापनाशम नावाचे गाव आहे. तिथल्या मंदिरात १०८ शिवलिंगे आहेत. खर-दूषणांच्या वधाचा दोष फिटावा म्हणून रामाने ती स्थापली, अशी तिथली कथा.

रामाला आपला दोष कोणता ते ठाऊक तरी होते. बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असे ज्यांना नुकतेच कळले, ते आईबाप मात्र न केलेले पाप शोधत बसतात. मी काय खाल्ले? ग्रहण पाळले नाही म्हणून का? त्यात आपल्यातलेच कुणी बोलून जाते, "मागच्या जन्मीचे भोग."

शंभरातल्या जवळपास एका बाळाला जन्मजात हृदयदोष असतो. हृदय घडायला सुरुवात होते तेव्हा कित्येकदा आईला दिवस गेल्याचेही कळलेले नसते. बहुतेकदा नेमके कारण सापडतच नाही. कर्मसिद्धान्त स्वतःचे वागणे तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याची वही न पाहता त्याचा ताळेबंद लिहिणारा आमच्या कॉमर्समध्ये नापास होतो!

त्यापेक्षा तपासणीच्या दिवशी सोबत जा. मोठ्या भावंडाला शाळेतून आणा. बाप पैशांच्या धावपळीत असतो, त्याला कुणी विचारत नाही, त्यालाही विचारा, "झोप लागते का?" आठवडेच्या आठवडे झोप नसेल, रडू थांबत नसेल, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक स्वतः लावून द्या. तिथे मराठीतही बोलता येते.

आणि आईने पुन्हा विचारलेच, "माझे काय चुकले?", तर "काहीच नाही" एवढे सांगा आणि थोडा वेळ तिच्याजवळ बसून राहा.