गुडघ्यातली गादी

जिना उतरताना माझा गुडघा कुरकुरू लागला, तेव्हा शेजारच्या काकूंनी दारातूनच निदान केलं : ‘गादी झिजली, वंगण संपलं.’ वंगणाबद्दल त्यांच्याशी वाद नाही. आखाला तेल दिलं की चाक सुरळीत फिरतं, तसे कफामुळे सांधे चालतात, हे सुश्रुतसंहितेतच आहे. माझं भांडण गादीशी.

गादी दबली की पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून पुन्हा भरता येते. कूर्चेचं तसं नाही. हाडांच्या टोकांवरचा हा दोन-चार मिलिमीटरचा गुळगुळीत थर. त्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. म्हणून तिची इजा पुष्कळदा मुकी राहते, दुखतं ते भोवतालचं. कूर्चेत बहुतेक पाणीच. पाऊल टेकलं की ती दबते, थोडं पाणी बाहेर पडतं. पाऊल उचललं की सांध्यातला द्रव आत शिरतो, आणि त्याच्याबरोबर पेशींचं अन्न. माणूस चालतो तेव्हा ती जेवते. दुखतंय म्हणून महिनोन्‌महिने पाय हलवायचाच नाही, हा तिला घडवलेला उपास.

तिचे तंतू किती जुने असतात? अणुचाचण्यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यात हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून डेन्मार्कच्या संशोधकांनी 2016 मध्ये हे तपासलं. वाढीचं वय सरल्यावर ते तंतू जवळजवळ बदलतच नाहीत. म्हणजे मी अजून कॉलेजातल्याच कूर्चेवर उभा आहे! नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटरने 1743 मध्येच लिहिलं होतं, वयाच्या पंचविशीत.

गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या आणखी दोन कूर्चा असतात, मेनिस्कस. 1887 मध्ये ब्लँड-सटन या इंग्रज शल्यविशारदाने त्यांना स्नायूचे निरुपयोगी अवशेष ठरवलं. मग काय, फाटली की काढून टाका! 1948 मध्ये फेअरबँक या शल्यविशारदाने अशा गुडघ्यांचे एक्स-रे पाहिले, तर सांध्यातली फट अरुंद झालेली आणि हाडाचा गोलवा चपटलेला. निरुपयोगी म्हणण्याची घाई गुडघ्यांना भोवली. आता बाहेरच्या कडेला, जिथे रक्त पोचतं, तिथली फाट शक्यतो शिवतात.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात पेरल्या आणि 1994 मध्ये ते प्रसिद्ध केलं. तरुणाच्या गुडघ्यातला मर्यादित खड्डा भरायला ही शेती बरी. सगळा सांधाच झिजला असेल तर तिचा उपयोग नाही. आणि मेनिस्कसची शस्त्रक्रिया? फिनलंडमध्ये तर एका चाचणीत वयोमानाने फाटलेल्या मेनिस्कसच्या निम्म्या रुग्णांवर खरी शस्त्रक्रिया केली, निम्म्यांवर तिचं नुसतं नाटक. वर्षभराने दोन्ही गट सारखेच. (कबड्डीत मुरगळून गुडघा अडकलाच, सरळच होईना, तर मात्र हा दाखला काढून घरी बसू नये.)

माझ्या एमआरआयमध्ये मेनिस्कस फाटलेली निघाली. काकूंचा चेहरा उजळला. पण अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला पन्नाशीपुढच्यांचे एमआरआय काढले, तेव्हा फाटलेल्यांपैकी 61 टक्के लोकांना आधीच्या महिन्यात ना दुखणं होतं, ना आखडणं. डॉक्टरांनी चाकू बाजूला ठेवून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले आणि चार किलो वजन उतरवायला सांगितलं. तीन महिने झाले. जिना चढतो, उतरताना अजून कठडा धरतो. वजन दीड किलो उतरलंय.