मोह नावाचं झाड

जव्हारहून मोखाड्याकडे फाल्गुन-चैत्रात पहाटे निघालं की मोह फुललाय हे डोळ्यांआधी नाकाला कळतं. वास गोडसर, जड, जरासा आंबलेला. झाडावर पान नसतं आणि पिवळट पांढरी, रसाने टपोरलेली फुलं अंधारातच टपटप खाली पडत असतात. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी पाड्यांतल्या बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. उशीर झाला तर गुरं-शेळ्या फुलं खाऊन जातात.

मी मूळचा वसईचा, ख्रिस्ती घरातला. या भागात मास्तरकी करत बरीच वर्षं काढली. लहानपणी 'मोह' हा शब्द मला माहीत होता तो प्रार्थनेतला. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आम्ही कॅथलिक लोक मोहातून वाचव असं म्हणतो. प्रोटेस्टंट मंडळींच्या मराठी बायबलात त्याच जागी 'परीक्षा' आहे. मूळ ग्रीक शब्दात हे दोन्ही अर्थ नांदतात. इथे आलो आणि मोह म्हणजे झाड निघालं. त्याचा बहरही नेमका आमच्या उपवासकाळात येतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आम्ही जिभेला आवर घालायच्या गोष्टी करतो, तेव्हा इथल्या घराघरांत अंगणभर मोह वाळत पडलेला असतो.

हे झाड पापाचं नाही. ताजं फूल पोरं तसंच तोंडात टाकतात. वाळवलेल्या फुलांनी टंचाईच्या दिवसांत पिढ्यान् पिढ्या पोटं भरली. बियांचं तेल निघतं. त्याच फुलाची दारूही होते आणि त्या दारूने इथली कितीतरी घरं बसली, तेही मी पाहिलं आहे. भाकरीला आधार आणि घराला घरघर, दोन्ही एकाच टोपलीत. इंग्रज सरकारने यावर आपल्या परीने उपाय काढला. घरोघरच्या भट्ट्या बंद व्हाव्यात, अबकारीचा महसूल बुडू नये म्हणून १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांसाठी खास कायदा झाला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. जव्हार तेव्हा मुकण्यांचं संस्थान, पण ठाणे जिल्हा त्याला लागूनच. फुलावर पहारा बसला. माणसाची तहान मात्र होती तिथेच राहिली.

आम्ही भाविकसुद्धा बहुतेक वेळा मनाशी असंच वागतो. एखाद्या गोष्टीची ओढ लागली की तिच्यावर पहारा बसवतो. हे बघायचं नाही, ते आठवायचं नाही, तिकडे जायचं नाही. आणि पहारेकऱ्याची नजर दिवसभर असते कुठे? ज्याच्यावर पहारा आहे त्याच्यावरच. मी कित्येक उपवासकाळ असे घालवले आणि ईस्टरला थकून गेलो.

मत्तयच्या शुभवर्तमानात रानातल्या मोहाची गोष्ट आहे. चाळीस दिवसांचा उपास, भूक, समोर धोंडे, आणि त्यांच्या भाकरी कर असं सुचवणारा सैतान. पूर्वी मी या गोष्टीत येशूची ताकद पाहत असे. आता तो काय करत नाही ते पाहतो. तो वाद घालत नाही. भाकरीला वाईट म्हणत नाही. तिन्ही वेळा धर्मशास्त्रातलं एकेक वचन सांगतो आणि थांबतो. ही तिन्ही वचनं अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. त्याच सहाव्या अध्यायात ती ओळ येते, जी धर्मनिष्ठ यहुदी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो: देव एकच आहे, त्याच्यावर पूर्ण मनाने प्रीती कर. म्हणजे रानातलं उत्तर रानात सुचलेलं नव्हतं. नासरेथच्या घरात रोज ओठांवर असलेलं ते भुकेच्या वेळी आपसूक वर आलं. मोहाच्या क्षणी आपल्याला नवं काही जमवता येत नाही, आधी मुरलेलं असेल तेवढंच हाताशी येतं. माझा सगळा भर यावर आहे.

चौथ्या शतकात इव्हाग्रियस नावाचा साधक होता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये मोठ्या मानाच्या पदावर असताना तो एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला, तिथून निघाला आणि शेवटी इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिला. ३९९ साली तिथेच वारला. माणसाला छळणारे आठ विचार त्याने मांडले. पुढे त्यांतूनच सात महापापांची यादी तयार झाली. त्याचं म्हणणं असं, की हे विचार मनात यावेत की न यावेत हे आपल्या हाती नाही. त्यांनी तिथे मुक्काम ठोकावा की नाही, हे मात्र आहे. एकेका विचाराला द्यायचं उत्तर म्हणून त्याने शास्त्रातली जवळपास पाचशे वचनं गोळा करून ठेवली.

आपल्याकडे हीच गोष्ट रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी वळणाने केली. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पण तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो हे त्यांनी कधी लपवलं नाही. भजन-कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं. टाळ हातात आणि नाव तोंडात असलं की मनाला भटकायला मोकळी जागा उरत नाही, हे वारकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी, पगार सोडून टिळकांनी ख्रिस्ती संन्यास घेतला. दोन वर्षांनी ते गेले. पगार सोडणं मला आता त्याग वाटत नाही. ज्याचं लक्ष एका जागी बसलं, त्याच्या हातून बाकीचं सुटतं.

पण जव्हारमध्ये बसून उपासाबद्दल लिहिताना पेन अडतं. १९९२-९३ मध्ये याच तालुक्यात, वावर-वांगणी भागात, कुपोषणाने मुलं दगावली. दिवाळी सरली की आजही पाडेच्या पाडे घराला कुलूप लावून वीटभट्ट्यांवर, वसई-भिवंडीच्या कामांवर निघतात. अशा माणसाला रानातल्या येशूचं उदाहरण देऊन धीर धर म्हणणं हा मला उघड अन्याय वाटतो. ज्याने स्वतःच्या भुकेसाठी धोंड्याची भाकर केली नाही, त्यानेच पुढे पाच हजार लोकांना गवतावर बसवून जेवू घातलं. उपास स्वतःचा असतो. दुसऱ्याची भूक दिसली की तो मोडून वाढायला उठायचं असतं.

आणि वाढायला उठलेल्या माणसाचा मोह निराळाच. इव्हाग्रियसच्या आठांतला सातवा: लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही हाव. तो म्हणतो, बाकीचे विचार हरले की त्याच विजयावर हा वाढतो. हा मला ओळखता येत नव्हता, कारण तो सेवेच्या कपड्यांत येतो. वह्या वाटल्या की फोटो, पाणी आलं की फोटो, आणि रात्री प्रार्थनेला बसलो की कुणाकुणाला तो आवडला याचा हिशेब.

एका चैत्रात मी अशाच एका झाडाखाली उभा होतो. उजेड नुकताच फुटला होता. एक मावशी वाकून फुलं वेचत होती. झाडाखालचा पाला तिने आदल्या दिवशीच झाडून ठेवला होता, त्यामुळे प्रत्येक फूल स्वच्छ मातीवर वेगळं दिसत होतं. दोन बोटांनी उचलायचं, दुसऱ्या हाताच्या ओंजळीत टाकायचं, ओंजळ भरली की टोपलीत. ती वर बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. मी मोबाईल काढला. झाड, टोपली, वाकलेली पाठ, मागे डोंगरावरचा तांबूस उजेड, सगळं चौकटीत यावं म्हणून एक पाऊल मागे सरलो, मग आणखी एक.

"गुरुजी, पाय उचला," ती म्हणाली. "फुलं चेपली."

पाय उचलला. चपलेखाली चार-पाच फुलं मातीत मिसळून गेली होती, त्यांचा रस तळव्याला चिकट लागत होता. मोबाईल खिशात ठेवला आणि उकिडवा बसलो. तिने टोपली माझ्या बाजूला थोडी सरकवली. वरून एक फूल माझ्या मनगटावर पडलं, थंड आणि ओलसर. ते टोपलीत टाकलं आणि पुढचं शोधू लागलो.