शेवटची मोटार आणि उतरलेले मोल

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या दारी बैलगाडी, फार तर एखादी मोटारसायकल उभी असते. तेव्हा जीत दोनच माणसे बसतात, जिचा टप बोटाच्या एका दाबाने उघडून मागे घडी होऊन बसतो, आणि जिच्या किमतीत चांगली बागायती जमीन घेता यावी, अशा मोटारींचा खप इंग्लंड-अमेरिकेत कमी झाला आहे व त्यांचे मोल झपाट्याने उतरते, ही वार्ता ऐकून कोणी सहजच म्हणेल, “पाळकसाहेब, ह्यात आमचे काय गेले?” खरे पाहता काहीच गेले नाही. परंतु ह्या वार्तेच्या पोटी एक प्रश्न आहे, आणि तो मोटार नसलेल्यासही चुकविता येत नाही. वस्तूचे मोल उतरले म्हणजे नेमके काय उतरते? आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर अन्यायही झाला असे म्हणता येते काय?

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. अशा मोटारीस तिकडे कन्व्हर्टिबल म्हणतात. मोटारींच्या आरंभीच्या काळात बहुतेक सर्व गाड्या उघड्याच असत. पुढे पोलादी छताच्या गाड्या स्वस्त झाल्या, आणि उघडी गाडी ही गरजेची वस्तू न राहता हौसेची झाली. अमेरिकेत १९६५ साली पाच लाखांहून अधिक उघड्या गाड्या विकल्या गेल्या. १९७४ पर्यंत तो आकडा अठ्ठावीस हजारांच्या आसपास येऊन ठेपला. गाडीत थंड हवेचे यंत्र आले, रस्ते रुंद होऊन वेग वाढला, आणि त्या वेगात उघड्या गाडीतील वारा सुखाचा न राहता त्रासाचा झाला. पुढे ह्या गाड्यांस पुन्हा एकदा बरे दिवस आले, परंतु आता तेही ओसरले आहेत. मर्सिडीज कंपनीने १९९६ साली काढलेली दोन आसनांची लहान गाडी २०२० साली बंद झाली. ऑडीची टीटी नावाची गाडी पंचवीस वर्षे चालून २०२३ साली थांबली. जग्वार कंपनीची एफ-टाइप २०१३ साली विक्रीस आली होती. तिचीही शेवटची गाडी २०२४ साली कारखान्याबाहेर पडली. पोर्श, फेरारी आदी कंपन्या अजून अशा गाड्या करितात, पण सामान्य सुखवस्तू मनुष्य आता उंच, ऐसपैस, कुटुंबाला पुरणारी गाडी घेतो. त्याला दोष कोण देईल? आभाळ पाहावयाचेच असेल तर छतास काच बसविलेली मिळते.

आता मोल उतरण्याचे पाहू. कोणतीही नवी मोटार विक्रेत्याच्या दारातून बाहेर पडली की तिच्यातून त्याचा नफा आणि नवेपण, दोन्ही वजा होतात. परंतु चैनीच्या उघड्या मोटारीचा घसारा काही निराळाच. चार-पाच वर्षांत मूळ किमतीचा निम्मा भाग गेला तर त्या धंद्यातील माणसांस नवल वाटत नाही. ह्याचे कारण मोठे समजण्यासारखे आहे. त्या टपाच्या घडीत कापड असते, काच असते, विजेवर चालणारी यंत्रे असतात, तेलाच्या दाबाने हलणारे दांडे असतात, आणि पाणी आत येऊ नये म्हणून चोहोंकडे रबराच्या पट्ट्या असतात. ह्यांपैकी एक बिघडले तरी टप अर्ध्यावर अडकून राहतो. दुरुस्तीचा खर्च मात्र गाडीच्या उतरलेल्या किमतीप्रमाणे होत नाही. तो तिच्या मूळ ऐटीप्रमाणे होतो. मग असे घडते की, ज्याला ती दुरुस्ती परवडते तो जुनी गाडी घेत नाही, आणि जो जुनी घेऊ इच्छितो त्याला ती दुरुस्ती परवडत नाही. गिऱ्हाईक ह्या दोहोंच्या मध्ये नाहीसे होते, आणि किंमत खाली जाते. वर आणखी हे की, अमेरिकेत मोटारीचे कर्ज सहा-सात वर्षांच्या हप्त्यांनी फेडण्याची चाल पडली आहे. मोल पुढे धावते, हप्ते मागून रखडत येतात. म्हणून एखाद्याने गाडी विकून टाकली तरी तिचे कर्ज शिल्लकच उरते, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. सावकाराचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही स्थिती अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु सर्वच उघड्या मोटारी उतरत नाहीत. फ्रान्समधील एका शेतावर पडक्या छपरांखाली जुन्या मोटारींचा मोठा संग्रह वर्षानुवर्षे तसाच पडून होता. त्यात १९६१ साली बनलेली एक उघडी फेरारी होती. तिच्यावर जुन्या मासिकांचे ढीग रचलेले होते. २०१५ साली पॅरिस येथील लिलावात तिला एक कोटी साठ लाख युरोंहून अधिक किंमत आली. ती गाडी इतकी वर्षे चालली नव्हती, कोणाच्या उपयोगी पडली नव्हती. दुसरीकडे एखादी रोज चालणारी, चकचकीत, पाच वर्षांची गाडी आपले निम्मे मोल गमावून बसते. तेव्हा मोल वस्तूच्या अंगी नसून पाहणाऱ्यांच्या इच्छेत आणि त्या वस्तूच्या दुर्मिळतेत असते, हे उघड झाले. आणि जे दुसऱ्यांच्या इच्छेत आहे, ते ‘माझे’ कसे म्हणावे?

ह्या प्रश्नाचा खरा कस लागला तो अमेरिकेत १९७६ साली. कॅडिलॅक ही तेथील मोठ्या इतमामाची मोटार. त्या वर्षी तिच्या एल्डोराडो ह्या गाडीचा उघडा प्रकार कंपनीने बंद करण्याचे ठरविले, आणि ‘अमेरिकेत बनणारी ही शेवटची उघड्या टपाची मोटार’ असा तिचा डंका वाजला. गाडी उलटली असता आतील माणसांचा बचाव व्हावा म्हणून सरकार कडक नियम करील, आणि मग अशा गाड्या करताच येणार नाहीत, अशी त्या वेळी सर्वांची समजूत होती. सुमारे चौदा हजार गाड्या तयार झाल्या. शेवटच्या दोनशे तर एकसारख्या: रंग पांढरा, टप पांढरा, आतील चामडेही पांढरे. किंमत अकरा हजार डॉलरांच्या आसपास होती. कित्येकांनी तिच्याहून पुष्कळ अधिक देऊन गाडी मिळविली. एप्रिलच्या २१ तारखेस डेट्रॉइटमध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तीत बसून फिरावयाचे नव्हते. ती झाकून ठेवावी, आणि अशा गाड्या जगात दुर्मिळ झाल्या म्हणजे विकावी, हा त्यांचा बेत होता.

पुढे झाले असे की, धास्ती वाटत होती तसा नियम आलाच नाही. १९८२ साली क्रायस्लर कंपनीने उघडी गाडी काढली, ती लोकांस आवडली, आणि १९८४ च्या गाड्यांत कॅडिलॅकनेही पुन्हा उघडी एल्डोराडो विक्रीस ठेविली. ‘शेवटची’ घेऊन बसलेले लोक संतापले. आम्हांस फसविले, असे म्हणून त्यांनी एकत्र होऊन कंपनीवर दावा लावला. त्यांना यश आले नाही.

न्यायालयाने आपले काम केले. परंतु दावा हरणे आणि तक्रार खोटी असणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, म्हणून आपण हा दावा आपल्या मनापुढे पुन्हा चालविला पाहिजे.

सिसेरो नावाच्या रोमन पंडिताने ख्रिस्तपूर्व ४४ साली, अथेन्स येथे शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी, कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक उदाहरण येते. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्य सोन्याच्या भावाने जात आहे. एक सज्जन व्यापारी आलेक्सांद्रियाहून धान्याने भरलेले गलबत घेऊन तेथे पोहोचतो. वाटेत त्याने पाहिले आहे की, आणखी पुष्कळ गलबते धान्य घेऊन मागून येत आहेत. ही गोष्ट त्याने बेटावरील लोकांस सांगावी, की मुकाट्याने आपले धान्य चढ्या भावाने विकून मोकळे व्हावे? बाबिलोनचा दियोगेनेस म्हणे की, मालात दोष असेल व कायदा सांगत असेल तर तो सांगावा. बाकी न बोलणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचाच शिष्य अंतिपातर म्हणे की, नाही, मनुष्याचे हित मनुष्याच्या हिताशी बांधलेले आहे, सांगितलेच पाहिजे. हा अंतिपातर तार्सचा. ते नगर आमच्या वाचकांस दुसऱ्या एका तार्सकरामुळे चांगलेच परिचित आहे. सिसेरोने कौल दिला तो अंतिपातराच्या बाजूने.

आता कॅडिलॅक कंपनीस त्या व्यापाऱ्याच्या जागी उभी करून पाहा. मागून गलबते येत आहेत हे तिला ठाऊक होते, असे दिसत नाही. नियम येणार अशीच तिची व सर्वांची समजूत होती. तेवढ्यापुरती ती लबाडीतून सुटते. तथापि माझ्या मते ती अगदी निर्दोष नाही. भविष्यकाळ कोणाच्या गाठीस बांधलेला नसतो, आणि जे आपल्या हाती नाही त्याची हमी देऊन माल खपविणे हे लबाडीच्या शेजारचेच घर आहे. ‘सध्या आम्ही बंद करीत आहो’ एवढेच बोलणे खरे ठरले असते. पण त्याने गर्दी झाली नसती.

आणि घेणाऱ्यांचे काय? येथे मला थांबावेसे वाटते. त्यांचे नेमके काय गेले? १९८४ साली नवी गाडी निघाली म्हणून त्यांच्या गाडीचे एक चाक गळून पडले नाही, टपाचे एक टाके उसवले नाही. गाडी होती तशीच होती. गेली ती एवढीच गोष्ट की, दुसऱ्यांपाशी ती नसावी. त्यांनी पैसे मोजले होते ते गाडीसाठी कमी, दुसऱ्यांच्या अभावासाठी अधिक. ऱ्होड्स बेटावर मागून गलबते येऊच नयेत, अशी आशा धरणाऱ्या मनुष्यासारखी त्यांची स्थिती होती; आणि गलबत दिसताच ‘माझा तोटा झाला’ म्हणून ओरडणाऱ्याची कीव करणे मला तरी कठीण जाते.

कोणी म्हणेल, हे बोलणे फार कठोर झाले. शेतकरीही भाव चढेल म्हणून धान्य पेवात ठेवितोच की! ठेवितो, आणि मी त्याला दोष देत नाही. पण त्याचे राखलेले धान्य ओढीच्या महिन्यांत कोणाच्या तरी पोटात जाते. झाकून ठेवलेली मोटार कोणाचीही ओढ भागवीत नाही. आणि आणखी खरे सांगावयाचे तर मी ह्या लोकांस हसण्याच्या योग्यतेचा नाही. विद्यार्थिदशेत माझ्यापाशी एक जुना शब्दकोश होता, जो त्या काळी कोठेही मिळत नसे. सोबती तो पाहावयास माझ्या खोलीवर येत, आणि मी मोठ्या उदारपणे त्यांस तो उघडून दाखवी. काही वर्षांनी त्याची नवी आवृत्ती छापून निघाली आणि दुकानात सहज मिळू लागली. त्या दिवशी मला आनंद व्हावयास पाहिजे होता. मी खट्टू झालो. माझ्या कोशातून एक शब्दही कमी झाला नव्हता.

मग उतरलेल्या मोलात अन्याय कधीच नसतो काय? असतो, परंतु मोठे लोक ओरडतात तेथे तो क्वचितच असतो. श्रीमंताने नवी मोटार घेतली, पाच वर्षे वारा खाल्ला, आणि निम्म्या किमतीस विकली, तर त्याने त्या वाऱ्याची किंमत दिली. हिशेब पुरा झाला. ती गाडी पुढे हात बदलत शेवटी अशा एखाद्या तरुणाकडे येते, ज्याने लहानपणापासून तिचे चित्र भिंतीवर लाविलेले असते, आणि जो आता कर्ज काढून तिला घरी आणतो. किंमत उतरली म्हणूनच ती त्याच्या हाती लागली. म्हणजे एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा लाभ, असे म्हणावयास हरकत नाही. पण विकणाऱ्यास ठाऊक असते की टपाचा पंप गळतो आहे, पावसात आसनाखाली पाणी साचते, आणि दुरुस्तीचा आकडा किती आहे. तरुण ते विचारीत नाही, कारण काय विचारावे हेच त्याला ठाऊक नसते. पहिला पाऊस पडतो, आणि हप्ते चालू असताच गाडी दारात उभी राहते. येथे दियोगेनेसाचा कायदा अपुरा पडतो. मागून येणाऱ्या गलबतांची बातमी सांगावी की नाही ह्याविषयी पंडित वाद घालोत. पण आपल्याच गलबतातील धान्य भिजलेले आहे हे न सांगणे दियोगेनेसासही मान्य झाले नसते. आणि भिजलेले धान्य सुक्याच्या भावाने देणारा मनुष्य नेहमी परक्या बंदरातच राहतो असे नाही. गुरांच्या बाजारात बैलाचे वय सांगताना आपली जीभ कितीदा अडखळते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

त्या १९७६ च्या पांढऱ्या व रंगीत एल्डोराडो गाड्या आजही अमेरिकेतील लिलावांत अधूनमधून येतात. त्यांतील काही इतक्या नव्यासारख्या असतात की, किती मैल चालली हे दाखविणाऱ्या यंत्रावर फारच थोडा आकडा उमटलेला असतो. घेणारे लोक तो आकडा वाकून पाहतात, टप एकदा उघडून पुन्हा मिटवितात, आणि बोली सुरू होते.