न वाजलेली तबकडी

माहुलमधील माझ्या एका स्नेह्याने अलीकडे नवी ग्रामोफोन तबकडी विकत घेतली. मोजक्या पाचशे प्रती निघालेल्या, वेष्टनावर प्रतीचा क्रमांक छापलेला. "ऐकव की!" असे म्हणताच तो संकोचला. वेष्टन फोडले की किंमत उतरते, म्हणाला. गाणे विकत घ्यायचे आणि ते ऐकायचे नाही, याचे तेव्हा हसू आले. नंतर मात्र ती गोष्ट मनात सलत राहिली.

वस्तू थोडी असली म्हणजे दुर्मिळ होते काय? पाचशे हा आकडा काढणाऱ्याने ठरवलेला. त्याने मनात आणले असते तर पाच हजारही निघाल्या असत्या. अमेरिकेतील वू-टँग क्लॅन या गायकवृंदाने तर आपल्या एका गीतसंग्रहाची एकच प्रत काढली, 2015 साली ती विकली आणि 2103 सालापर्यंत तिचा व्यापार होऊ नये अशी अट घातली. दुष्काळात धान्य कोंडून ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते वाचकांना सांगायला नको.

जुन्या लाखेच्या तबकड्यांची गोष्ट निराळी. मिनिटाला 78 फेरे, एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे, आणि हातातून निसटली की ठिकऱ्या. त्या कमी झाल्या त्या फुटून, झिजून, अडगळीत पडून. जी उरली ती कुणाच्या तरी मायेने उरली. पण तिथेही पेच आहेच. पोलादी सुई प्रत्येक वेळी खाच थोडी खरवडते. वाजवावी तर झिजते, न वाजवावी तर मुकी राहते. म्हणून स्नेह्यावर मला रागावता येत नाही. धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवणारा प्रभूच्या दाखल्यातील चाकर तरी कुठे उधळ्या होता? त्यानेही ते जपलेच होते. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या मंडळींनी मात्र एकत्र जमून जुन्या तबकड्या ऐकण्या-ऐकवण्याचा परिपाठ ठेवला. मला तो अधिक ख्रिस्ती वाटतो, मग सभासद कोणत्याही धर्माचे असोत.

गोमंतकातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 साली दोन व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या त्या तबकड्या कुणाच्याही कपाटात नाहीत. आणि त्या कोणी तरी, कधी तरी वाजवाव्यात एवढ्याच आशेने पाठवल्या आहेत. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ 1946 साली गेले. त्यांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. इथे प्रतींची संख्या शून्य. बोली लावायची तरी कशावर?

खाँसाहेबांच्या काळी निदान यंत्र हाताशी नव्हते, असे म्हणावे तर तेही खरे नाही. तबकड्या तेव्हा निघतच होत्या. आणि आज? आपल्या ईस्ट इंडियन लग्नांत 'उंबराचं पाणी' आणायला निघालेल्या बायका जी गाणी म्हणत, त्यांतली कित्येक आता थोड्याच म्हाताऱ्यांना येतात. माझ्या मावशीला सगळी पाठ आहेत असे घरात म्हणतात. तिला दम लागतो, दोन कडव्यांनंतर ती थांबते. स्नेह्याच्या तबकडीवर मी इतके बोललो, पण मावशीसमोर बसून ती गाणी अजून टिपून घेतलेली नाहीत. फोन तर रोज माझ्या खिशात असतो.