आपल्यातला नव्हे

अन्याय सोसला म्हणजे मनुष्य न्यायी होतो काय? कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या तरुणांनी फळीला चाके लावली आणि स्केटबोर्डिंग सुरू झाले. पुढे या मुलांना चौकांतून, पायऱ्यांवरून हुसकावण्यात आले. ‘स्केटबोर्डिंग हा गुन्हा नव्हे’ ही घोषणा त्या अवहेलनेतून आली. परंतु १९९० च्या दशकात एका रांगेत चाके बसविलेले बूट घालून दुसरी मुले त्याच कठड्यांवरून घसरू लागली, तेव्हा यांतल्याच अनेकांनी त्यांची हेटाळणी केली, त्यांच्या पौरुषावर शिंतोडे उडविले. वास्तविक पडण्याचे भय तेच, फुटलेले गुडघेही तेच. भेद एवढाच, की एकाच्या पायांखाली सुटी फळी, तर दुसऱ्याच्या पायांना बांधलेली चाके.

सोसलेले दुःख कधीकधी आपले भूषण बनते आणि त्यात वाटेकरी नकोसा होतो. लूकच्या शुभवर्तमानात योहान प्रभूला सांगतो, की येशूच्या नावाने भुते काढणाऱ्या एकाला शिष्यांनी अडविले. कारण तो त्यांच्यातला नव्हता. प्रभूला ते रुचले नाही.

एकेकाळी दाराबाहेर ताटकळलेल्याने आत येताच कडी लावावी काय? हा प्रश्न त्या मुलांपुरताच नाही. आपल्या धर्मग्रामातही त्याचे उत्तर आपणांस द्यावे लागते.