हिरड्यांना काय लागतं?

थुंकीत रक्त दिसलं की आपण आधी पेस्ट बदलतो. कडुलिंब, लवंग, बाभूळ अशी नावं छापलेली ट्यूब घरी आणली, की हिरड्यांची काळजी मिटली असं वाटतं. बाभळीच्या काडीने दात घासणारी माणसं आपल्याच घरांत होऊन गेली, त्यामुळे हा विश्वास वरवरचा नाही. केशव पेंढरकरांनी १९५२ साली परळला सुरू केलेल्या विकोची वज्रदंती त्याच विश्वासाच्या बळावर घरोघरी पोचली. ती औषध की प्रसाधन, हा उत्पादन शुल्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कराचा प्रश्न त्याने सुटला. हिरडी कशाने बरी होते, हा प्रश्न मात्र निराळा आहे.

डेन्मार्कमधले दंतसंशोधक हाराल्ड ल्यो यांनी १९६५ साली त्याचा छडा लावला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, त्यांनी दात घासणंच बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर धरतो. तो राहिला की हिरडी सुजते, निघाला की निवते. चूळ भरून तो जात नाही. मऊ ब्रशचे केस त्या कडेवर तिरके टेकवून हलक्या हाताने फिरवावे लागतात.

आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त हेच किती बारकाईने सांगितलं आहे! वड, खैर, करंज, अर्जुन, रुई अशा झाडांची बारा अंगुळं लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड काडी घ्यावी, तिचं टोक मऊ करावं, सकाळी आणि जेवणानंतर दात घासावेत, आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. झाडाच्या नावाइतकंच महत्त्व त्याने काडीच्या टोकाला, वेळेला आणि हाताला दिलं. चव हवी ती तुरट, तिखट, कडू. आपण आयुर्वेदातून झाडांची नावं तेवढी घेतली, त्यांना गोड फेसात घातलं आणि आचार मागे ठेवला. याचं मला वाईट वाटतं.

वनस्पतींत गुण नाहीत, असं नाही. लवंगेतल्या युजेनॉलने ठणका कमी होतो, तुरट सालींनी हिरडी आवळल्यासारखी वाटते. पण बरं वाटणं आणि बरं होणं यांत अंतर आहे, आणि ते जीवघेणंही ठरू शकतं. मशेरी घ्या. तंबाखू ही वनस्पतीच. तव्यावर भाजलेली मशेरी हिरड्यांना लावली की दुखणं थांबतं, म्हणून आपल्याकडच्या कितीतरी बायकांना तिची सवय लागली. पुढे तीच तोंडाच्या कर्करोगाची वाट होते. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि दंतमंजनांवर सरकारने १९९२ साली बंदी घातली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार?

पायरिया हा हिरड्यांचा आजारही असाच फसवतो. तो बहुधा दुखत नाही. आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत असतं आणि दात हलू लागेपर्यंत माणूस पेस्टच बदलत राहतो. एकदा झिजलेलं हाड पुन्हा आपोआप भरून येत नाही. दातांवर साठून कडक झालेला थर, म्हणजे किटण, कुठल्याच पेस्टने निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. ते काढल्याने दात ढिले होतात ही भीती खोटी आहे. किटणाने झाकलेल्या फटी उघड्या पडतात, एवढंच. मधुमेह असेल तर हिरड्यांकडे दुप्पट लक्ष हवं, कारण हे दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात.

आवडती हर्बल पेस्ट जरूर वापरा. कीड टाळायला फ्लोराइड लागतं आणि अशा बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतं, म्हणून वेष्टन तेवढं वाचून घ्या. आणि दोन आठवडे नीट घासूनही रक्त येत राहिलं, तर नवी ट्यूब आणू नका, दंतवैद्याला दाखवा.